मेंदूतल्या तारा: भीती किती, धोका किती?

“मेंदूत तारा घालणार म्हणजे डोकं उघडणार का? आणि त्यातच काही झालं तर?” औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला ‘आत इलेक्ट्रोड बसवून तपासणी करावी लागेल’ असं सांगितलं, की घरच्यांच्या तोंडून पहिल्यांदा हेच बाहेर पडतं. दहा-बारा वर्षं फिट्स सोसून झालेल्या असतात. ऑपरेशनला मनाची तयारी करायलाच बराच काळ गेलेला असतो. आणि आता त्या ऑपरेशनच्या आधी आणखी एक ऑपरेशन, तेही फक्त तपासणीसाठी! काही जण इथूनच माघारी फिरतात. काही जण ‘डॉक्टर म्हणतात तर करून टाकू’ म्हणत संमतीपत्रावर सही करतात. खरं तर या टप्प्यावर थोडं थांबून, आकडे समजून घेऊन निर्णय घ्यायला हवा. हे आकडे उपलब्ध आहेत आणि ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

ही वेळ कुणावर येते?

अपस्माराच्या बहुतेक रुग्णांना ऑपरेशनची गरज पडत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो येथे ५२५ रुग्णांचा पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ टक्के रुग्णांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी १३ टक्क्यांच्या दुसऱ्या औषधाने. तिसरं औषध किंवा दोन औषधं एकत्र देऊन त्यात जेमतेम चार टक्क्यांची भर पडली. म्हणूनच योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली दोन औषधं अपयशी ठरली, की तो अपस्मार ‘औषधांना न जुमानणारा’ मानला जातो. असे रुग्ण साधारण एक तृतीयांश असतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या फिट्स मेंदूच्या एखाद्याच भागातून सुरू होतात, त्यांना तो भाग काढून टाकण्याचा मोठा फायदा होऊ शकतो.

हा फायदा नुसता अंदाज नाही. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कानशिलामागच्या भागाची शस्त्रक्रिया करायचं ठरलेल्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. फक्त औषधं घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये ११६ मुलांवर झालेल्या, २०१७ मधल्या चाचणीत हेच आकडे ७७ आणि ७ टक्के होते.

पण काढायचा भाग नेमका कोणता, हे आधी कळायला हवं. एमआरआयमध्ये एकच ठळक व्रण दिसला, डोक्याला बाहेरून लावलेल्या ईईजीने आणि व्हिडिओत टिपलेल्या फिटनेही त्याच जागेकडे बोट दाखवलं, तर आत इलेक्ट्रोड घालण्याची गरजच नसते. अडचण होते ती एमआरआय स्वच्छ असतो तेव्हा. किंवा दोन ठिकाणं संशयित असतात, किंवा संशयित जागा बोलण्याच्या वा हात हलवण्याच्या केंद्राला चिकटून असते. बाहेरच्या ईईजीला मेंदूची वीज कवटी आणि कातडीच्या आडून ऐकावी लागते. खोलवरची सुरुवात तिला ऐकू येईपर्यंत झटका बराच दूर पसरलेला असतो.

जागा नक्की नसताना कापलं तर काय होतं, याचा धडा वैद्यकशास्त्राला १९५३ साली मिळाला. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलिसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूत फिट्सचं एक निश्चित केंद्र सापडत नव्हतं. तरीही सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचा कानशिलामागचा आतला भाग काढला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण त्या दिवसानंतर मोलिसन यांच्या मनात नवी आठवण टिकेना. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते तसेच जगले. मेंदूत तारा घालण्याच्या धोक्याची तुलना करायची, तर ती अशा आंधळ्या शस्त्रक्रियेच्या धोक्याशीही करायला हवी.

जाळी की सुया?

आत इलेक्ट्रोड बसवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. धोका समजण्यासाठी त्यांतला फरक कळणं महत्त्वाचं.

पहिली पद्धत जाळीची. कवटीचा तुकडा काढून, मेंदूवरचं जाड आवरण उघडून, त्याखाली सिलिकॉनची पातळ चादर मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात. तिच्यावर प्लॅटिनमच्या बारीक चकत्या असतात. आठ बाय आठची जाळी म्हणजे ६४ चकत्या. तारा कातडीखालून बाहेर काढतात आणि जखम शिवतात. पृष्ठभागाचा सलग नकाशा मिळतो हा तिचा फायदा. पण बंद कवटीत ही चादर जागा व्यापते. तिच्याखाली रक्त साचू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते, तारांच्या वाटेने मेंदूभोवतीचं पाणी झिरपू शकतं. शिवाय ती काढण्यासाठी कवटी पुन्हा उघडावी लागते.

दुसरी पद्धत सुयांसारख्या इलेक्ट्रोडची, म्हणजे स्टिरिओ-ईईजीची. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ तालेराश आणि जाँ बाँको यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित करायला सुरुवात केली. फ्रान्स आणि इटलीत ती लवकर रुळली. अमेरिकेत मात्र ती गेल्या दीड-दोन दशकांतच पसरली. यात कवटी उघडत नाहीत. सुमारे अडीच मिलिमीटरची छिद्रं पाडून, प्रत्येकातून साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा इलेक्ट्रोड आत सरकवतात आणि कवटीत बसवलेल्या बारीक स्क्रूने तो धरून ठेवतात. असे दहा ते सोळा इलेक्ट्रोड सहसा लागतात. प्रत्येकावर ठरावीक अंतरावर अनेक संपर्कबिंदू असतात, त्यामुळे मेंदूच्या घड्यांच्या तळाचंही ऐकू येतं.

यातली खरी कसोटी छिद्र पाडण्याच्या आधीच असते. एमआरआयवर रक्तवाहिन्यांचा नकाशा चढवून प्रत्येक इलेक्ट्रोडचा मार्ग संगणकावर आखतात. वाटेत वाहिनी आली तर मार्ग बदलतात. मग विशेष चौकट किंवा यांत्रिक हात वापरून तोच मार्ग पाळतात. इटलीत मिलानच्या निग्वार्दा रुग्णालयाने आपल्या ५०० शस्त्रक्रियांचा हिशेब २०१३ मध्ये मांडला. नव्या कार्यपद्धतीत कवटीवरच्या प्रवेशबिंदूची मधली चूक ०.७८ मिलिमीटर आणि आतल्या लक्ष्याजवळची १.७७ मिलिमीटर होती. म्हणूनच मार्ग आखताना रक्तवाहिनीपासून काही मिलिमीटरचं सुरक्षित अंतर राखतात.

काय बिघडू शकतं?

सर्वांत गंभीर धोका रक्तस्रावाचा. इलेक्ट्रोडच्या वाटेत आलेली बारीक वाहिनी फाटते आणि आत किंवा पृष्ठभागावर रक्त साचतं. ते तारा घालताना होऊ शकतं, काढताना होऊ शकतं आणि क्वचित काही दिवसांनीही लक्षात येतं. दुसरा धोका जंतुसंसर्गाचा: कधी फक्त कातडीचा, कधी मेंदूच्या आवरणांचा. याखेरीज तार तुटणं, इलेक्ट्रोड ठरल्या जागी न पोहोचणं, हातापायात तात्पुरता अशक्तपणा येणं, अशा गोष्टीही नोंदल्या गेल्या आहेत.

प्रमाण किती? स्टिरिओ-ईईजीवरचे ५७ शोधनिबंध एकत्र करून, २,६२४ रुग्णांची माहिती तपासणारा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तस्रावाचं प्रमाण सुमारे १ टक्का आणि जंतुसंसर्गाचं ०.८ टक्के आढळलं. पाच रुग्णांचा मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. जाळी पद्धतीवर २०१३ मध्ये असाच आढावा निघाला होता. त्यात २,५४२ रुग्ण होते. तिथे मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण ४ टक्के, मेंदू व आवरणांच्या संसर्गाचं २.३ टक्के, वरवरच्या संसर्गाचं ३ टक्के आणि कवटीतला दाब वाढण्याचं २.४ टक्के निघालं. सुमारे ३.५ टक्के रुग्णांना गुंतागुंतीमुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. इथेही पाच मृत्यू होते. एक धागा स्पष्ट होता: इलेक्ट्रोड जितके जास्त, तितका त्रास जास्त.

हे आकडे वाचताना एक खाच लक्षात ठेवायला हवी. ‘रक्तस्राव’ कशाला म्हणायचं यावर प्रमाण बदलतं. अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकने आपल्या ५४९ स्टिरिओ-ईईजी शस्त्रक्रियांनंतरचे स्कॅन बारकाईने पुन्हा तपासले. तेव्हा तब्बल १९ टक्क्यांत कुठे ना कुठे रक्ताचा ठिपका दिसला. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांना काहीही जाणवलं नव्हतं. लक्षणं दिसली ती २.२ टक्के शस्त्रक्रियांत, आणि कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू ओढवला तो ०.६ टक्क्यांत, म्हणजे तिघांच्या बाबतीत. त्यामुळे ‘एक टक्का’ आणि ‘एकोणीस टक्के’ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. घरच्यांनी विचारायचा आकडा मात्र तिसरा: कायमचं नुकसान किती जणांचं झालं?

ह्यूस्टनमधल्या एका केंद्राने दोन्ही पद्धतींची तुलना करून २०१९ मध्ये २६० शस्त्रक्रियांचा लेखाजोखा दिला. जाळीच्या १२१ शस्त्रक्रियांत लक्षणं निर्माण करणारे सात रक्तस्राव आणि तीन जंतुसंसर्ग झाले. स्टिरिओ-ईईजीच्या १३९ शस्त्रक्रियांत उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एकही गुंतागुंत नव्हती. अर्थात त्या केंद्रात जाळीचा काळ आधीचा आणि स्टिरिओ-ईईजीचा नंतरचा, त्यामुळे वाढलेल्या अनुभवाचाही त्यात वाटा असणार. आणि रुग्णाच्या गरजेनुसार कधी जाळीच योग्य ठरते, विशेषतः पृष्ठभागावरच्या भाषाकेंद्राची सीमा नेमकी आखायची असेल तेव्हा.

झुरिकचा धडा

सुरक्षेच्या या इतिहासात एक प्रकरण विसरता येणार नाही. १९७०च्या दशकात झुरिकमध्ये एका ६९ वर्षांच्या बाईंच्या मेंदूत तपासणीसाठी चांदीचे इलेक्ट्रोड घालण्यात आले होते. त्यांना क्रॉइत्झफेल्ड-जेकब हा मेंदू पोखरणारा, उपाय नसलेला आजार होता. ते इलेक्ट्रोड नंतर अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ करून अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांसाठी वापरले गेले. एक २३ वर्षांची तरुणी आणि एक १७ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांच्या आतच दोघांनाही तोच आजार जडला. १९७७ मध्ये हे प्रकरण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यांतला एक इलेक्ट्रोड चिंपांझीच्या मेंदूत घातल्यावर त्यालाही हा आजार झाला आणि शंकेला जागा उरली नाही. या आजाराला कारणीभूत ठरणारं बिघडलेलं प्रथिन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाही.

म्हणून आज मेंदूतले इलेक्ट्रोड एकदाच वापरायचे, असा दंडक आहे. ते महाग असतात आणि खर्चाचा ताण खराच असतो. तरीही ‘आमच्या रुग्णासाठी नवे, सीलबंद इलेक्ट्रोड वापरणार ना?’ हा प्रश्न विचारताना कुणीही संकोच करू नये.

वॉर्डातले ते दिवस

तारा घातल्यावरचा साधारण एक ते दोन आठवड्यांचा काळ अनेकांच्या हिशेबात नसतो. फिट्स याव्यात म्हणूनच इथे औषधं हळूहळू कमी करतात. आयुष्यभर जी टाळायची धडपड केली, तिचीच आता वाट पाहायची! यात फिट्सची साखळी लागण्याचा, न थांबणारा झटका येण्याचा धोका असतो. फिटनंतरच्या गोंधळलेल्या अवस्थेत रुग्ण उठून चालू लागतो, डोक्याच्या पट्टीला हात घालतो, तारा ओढू पाहतो. त्यामुळे रात्री तीन वाजता कॅमेऱ्याकडे पाहणारं प्रशिक्षित माणूस आहे की नाही, हे शस्त्रक्रियेइतकंच महत्त्वाचं ठरतं. जवळच्या नातेवाइकाचं काम इथे मोठं असतं. फिट आली की बटण दाबायचं, रुग्णाचं नाव विचारत राहायचं, पण त्याला दाबून धरायचं नाही.

याच दिवसांत इलेक्ट्रोडमधून अगदी सौम्य वीज सोडून मेंदूच्या कोणत्या भागाकडे काय काम आहे, तेही तपासतात. रुग्ण आकडे मोजत असतो, चित्रांची नावं सांगत असतो आणि एखाद्या बिंदूला वीज देताच शब्द अडतो. म्हणजे तिथे सुरी लावायची नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत त्या भाषांच्या जागा पूर्णपणे एकच नसतात, असं १९७८ मध्येच दाखवून देण्यात आलं होतं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या रुग्णांसाठी याचा अर्थ साधा आहे: ही चाचणी त्याच्या रोजच्या सर्व भाषांमध्ये व्हावी. दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात गेला असाल, तर मराठीतून चाचणी घ्यायला कोण आहे, हे आधीच विचारावं.

आणि उत्तर मिळालंच नाही तर?

संमती देण्यापूर्वी आणखी एक शक्यता उघडपणे सांगितली जायला हवी. ती गुंतागुंतीत मोजली जात नाही, पण रुग्णाला ती सर्वांत जास्त लागते. इलेक्ट्रोड ही तपासणी आहे, उपचार नव्हे. क्वचित त्याच इलेक्ट्रोडमधून उष्णता देऊन छोटा भाग निकामी करता येतो, पण त्याचा परिणाम पुष्कळदा तात्पुरता असतो. ह्यूस्टनच्या त्या अभ्यासात स्टिरिओ-ईईजी झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचीच पुढची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांच्या बाबतीत केंद्र सापडलं नाही, एकाहून अधिक सापडली किंवा ज्याला हात लावता येत नाही अशा जागी सापडलं. धोका पत्करून, खर्च करून, टक्कल करून हा रुग्ण पुन्हा त्याच गोळ्या घेऊन घरी जातो. पण ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यातल्या सुमारे ७६ टक्क्यांना वर्षभरानंतर चांगला गुण होता. जाळी पद्धतीने गेलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होतं. ‘शस्त्रक्रिया करू नका’ हे उत्तरही अनेकदा रुग्णाला मोलिसन यांच्यासारख्या नुकसानीतून वाचवणारं असतं.

पारड्याची दुसरी बाजू

तारा नको म्हणून परत फिरणाऱ्याचा धोका शून्य नसतो. अपस्माराच्या दर हजार प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एकाचा दर वर्षी अचानक, इतर कोणतंही कारण न सापडता मृत्यू होतो. बहुधा रात्री, झोपेत. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा सर्वांगाला झटके देणारी फिट येत असेल, तर हा धोका सुमारे पंधरा पट होतो. शिवाय पडणं, भाजणं, विहिरीवर वा नदीवर बुडणं आहेच. इलेक्ट्रोडचा धोका एकदाच पत्करायचा असतो, फिट्सचा दर वर्षी. म्हणून आठवड्याला दोनदा कोसळणाऱ्या तरुणाचं गणित आणि वर्षातून एखादी सौम्य फिट येणाऱ्या गृहिणीचं गणित एकच नसतं.

भारतात हे शास्त्र नवं नाही. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेले डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरला १९५२ मध्येच अपस्माराची शस्त्रक्रिया केली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा अपस्मार शस्त्रक्रिया कार्यक्रम १९९५ पासून सुरू आहे. आज मोठ्या शहरांतल्या काही सरकारी आणि खासगी केंद्रांत इलेक्ट्रोड बसवले जातात. पण दोन केंद्रांचा अनुभव सारखा नसतो आणि परदेशातले आकडे इथल्या प्रत्येक रुग्णालयाला आपोआप लागू होत नाहीत.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

– आमच्या रुग्णात फिट कुठून सुरू होत असावी, असा तुमचा अंदाज आहे? तो अंदाज तपासायला किती इलेक्ट्रोड लागतील आणि का?

– तुमच्या केंद्रात आजवर अशा किती शस्त्रक्रिया झाल्या? किती जणांना रक्तस्राव वा संसर्ग झाला? किती जणांचं कायमचं नुकसान झालं?

– केंद्र सापडलं, तर पुढच्या शस्त्रक्रियेत स्मरणशक्ती, भाषा, नजर वा हातापायाची ताकद यांतलं काय गमवावं लागू शकतं? सापडलं नाही, तर पुढे काय?

– गुंतागुंत झाली आणि मुक्काम वाढला, तर खर्च किती? विमा किंवा सरकारी योजनेत किती बसतो?

आपल्याकडूनही काही माहिती न विसरता द्यायची. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, जखम झाल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो का, कोणतं काढा-चूर्ण घेतलं जातं का. अपस्मारासाठी सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषधही काहींच्या रक्ताच्या गोठण्यावर परिणाम करतं. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या तपासण्या होतात आणि गरज वाटल्यास औषध बदलतात. ते स्वतःहून बंद मात्र करू नये.

तारा काढल्या, छोटे टाके पडले, रुग्ण घरी आला, तरी दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावं. ताप, मान आखडणं, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, हातापायात नवा अशक्तपणा किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात जावं. संसर्ग किंवा रक्तस्राव वेळेत ओळखला, तर बहुतेक वेळा त्यावर उपचार करता येतात. त्यामुळे घरी जाताना मिळालेल्या कागदावर रात्री फोन करायचा नंबर लिहिलेला आहे ना, एवढं आधी तपासून घ्यावं.